तुझ्या तुलाच लागतील

रक्तदाबाचा पट्टा लोपेतीच्या दंडाला पुरला नाही. नर्सने तो एकदा वरून, एकदा खालून गुंडाळून पाहिला, टोकाला टोक कसंबसं चिकटवलं आणि बटण दाबलं. पट्टा फुगू लागला, घट्ट झाला आणि टर्रकन सुटून तिच्या मांडीवर पडला. लोपेती हसला. असल्या गोष्टींना हसायची त्याला लहानपणापासून सवय होती. शाळेतल्या खुर्च्या, बसमधल्या सीटा, चुलतभावाच्या लग्नातला भाड्याचा कोट. त्याच्याखाली आणि त्याच्याभोवती गोष्टी तुटायच्या, उसवायच्या, सगळे हसायचे, आणि त्या हसण्यात कुठेतरी कौतुकही असायचं.

"शाळकरी पोराचा पट्टा लावला वाटतं मी," सेफिना नर्स म्हणाली. ती सामोआची होती, त्याच्या आईच्या वयाची. "थांब, मांडीचा आणते. तुम्हा टोंगावाल्यांना देवानं दंडाच्या जागीसुद्धा मांड्याच दिल्यात."

"आणि तुम्हा सामोआवाल्यांना?"

"आम्हाला अक्कल दिली. आता गप बस. बोललास की आकडा चढतो."

ती मांडीचा पट्टा घेऊन आली. मोठा पट्टा नीट बसला. फुगताना त्याने दंड असा आवळला की बोटांच्या टोकांत ठोके ऐकू यायला लागले, मग हळूहळू सैल झाला. सेफिनाने आकडा पाहिला. तिचा चेहरा बदलला नाही. बदलू नये म्हणून तिने तो धरून ठेवला, आणि ते धरून ठेवणंच लोपेतीला दिसलं. तिने पुन्हा घेतला. मग दुसऱ्या दंडावर. मग, "जरा शांत बसून राहा, मी येतेच," म्हणून बाहेर गेली, आली, आणि पुन्हा घेतला. भिंतीवर किडनीचं एक मोठं चित्र लावलेलं होतं, लाल-निळ्या शिरांचं. लोपेती त्याच्याकडे बघत राहिला. इतके दिवस त्याला वाटायचं की ती मुठीएवढी असते. कुणाच्या मुठीएवढी, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"डोकं दुखतं का तुझं?"

"नाही."

"चक्कर? डोळ्यांपुढे काजवे?"

"मला काहीच होत नाही. काल सबंध पाळी विमानात बॅगा चढवल्या."

"भीती वाटतेय का?"

त्याने पुन्हा चित्राकडे पाहिलं. "थोडी," तो म्हणाला.

"मग बघायला हवं. नुसतं भ्यालेलं रक्त आहे की खरंच असं आहे." तिने त्याच्या कमरेला एक लहानसं यंत्र बांधलं, त्याची नळी शर्टाच्या आतून दंडावरच्या पट्ट्याला जोडली. उद्या सकाळपर्यंत ते थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगणार होतं, जेवताना, झोपेत, कुठेही. "आणि उद्याही असाच राहिला तर?" त्याने विचारलं. "तर डॉक्टर बोलतील." "म्हणजे बाबांना किडनी देता येणार नाही?" सेफिनाने त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं. "डॉक्टर बोलतील, बाळा."

बाहेर आवारात गाडीत बसल्यावर लोपेतीला पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट नव्हतं. त्याला बरं वाटलं. मानेवर कुणीतरी ठेवलेला जड हात उचलून घेतल्यासारखं अगदी स्पष्ट बरं वाटलं, आणि ते ओळखू आल्यावर तो इतका दचकला की किल्ली फिरवायला विसरला. सुरीची भीती त्याने कुणाला सांगितली नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती. डायलिसिसच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी "नातेवाइकांपैकी कुणी" एवढे शब्द उच्चारल्याबरोबर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या होत्या. कुणाच्या घरचा फ्रिज हलवायचा असला, चर्चच्या सभागृहात भट्टीतलं अख्खं डुक्कर आणायचं असलं, की ज्या सहजपणे वळायच्या तशाच. आणि फ्रिजच्या वेळी म्हणायचा तसंच तो म्हणून बसला होता, "मी आहे ना." मग रात्री अंथरुणात पोटावर हात ठेवून तो पडून राहायचा. एवढं थोरलं पोट, आणि त्याच्या आत कुठेतरी पाठीमागे दोन लहानशा निमूट वस्तू, त्यांतली एक काढून घेणार. मग आता काय झालं? भीतीनेच रक्त चढलं का? नको-नको असं आतून म्हणत राहिलं की अंग ऐकतं का माणसाचं? की अंग पहिल्यापासूनच असं होतं आणि भीती नुसती शेजारी उभी होती? त्याने स्वतःच्या आत कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. काही ऐकू आलं नाही. सत्तावीस वर्षं तो ह्या अंगात राहत होता. ते हात उचल म्हटल्यावर हात उचलायचं, भूक लागली म्हणायचं. आणि आता एका परक्या बाईला दंडावरून कळतं की ते कसलं तरी गुपित ठेवून आहे. कमरेचं यंत्र गुरगुरलं. पट्टा फुगला. तो श्वास रोखून बसला, मग वाटलं श्वास रोखला म्हणून आकडा वाढेल, म्हणून सोडला. परतताना नेहमीच्या दुकानातून त्याने खिमा भरलेली पेस्ट्री घेतली, आवारातच उभ्या उभ्या अर्धी खाल्ली, आणि आपल्याला भूक आहे की नाही हे त्याला ठरवता येईना. उरलेली अर्धी हातात धरून तो बराच वेळ उभा होता.

त्याच संध्याकाळी केसाया आत्या टोंगाहून आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्यापुढे बाबाही आवाज खाली ठेवून बोलत, आई तिच्या पुढ्यात उभी राहत नसे, आणि मुलांच्या लग्नापासून मयतापर्यंत शेवटचा शब्द तिचा. ती विमानातून झाडाच्या सालीच्या रंगवलेल्या कापडाचा एक प्रचंड गुंडाळा घेऊन आली होती. मांगेरे उपनगरातल्या त्यांच्या घराच्या बेताच्या बैठकीच्या खोलीत तो उलगडला तेव्हा त्याची टोकं दोन्ही भिंतींवर चढली. "बस," ती लोपेतीला म्हणाली. "माझ्या भावाला जीव देणाऱ्यानं ह्याच्यावर बसायचं." आपल्यासाठी कुणी असं कापड अंथरेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो बसला. समोर जेवणाची चटई, तिच्यावर टारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाच्या, पानांत बांधून शिजवलेलं मांस, नारळाच्या दुधाचा वास, रताळी, डुकराची खमंग कातडी. भिंतीला टेकून बाबा. टारो बाबांना चालत नव्हता, केळं नाही, नारळ नाही, पाणीसुद्धा मापातलं. तहान लागली की ते बर्फाचा तुकडा गालात धरून बसत. पूर्वी ते दाराची चौकट भरून उभे राहायचे. आता शर्ट खांद्यांवर नुसता टांगल्यासारखा दिसायचा, आणि डाव्या हातावर सुयांसाठी फुगवून ठेवलेली शीर बोट लावलं तर आत माशी अडकल्यासारखी गुणगुणायची.

आत्याने प्रार्थना सुरू केली आणि ती ऐन रंगात असताना लोपेतीच्या कमरेचं यंत्र गुरगुरलं. आत्या थांबली. तिने एक डोळा उघडला.

"हे काय?"

"तपासणी आहे, आत्या. उद्यापर्यंत बांधून ठेवायचंय."

"किडनीचं यंत्र आहे ते," आईने कौतुकाने सांगितलं. "आतली तपासतंय. चांगली आहे ना ते."

आत्याने त्याच्या शर्टावरून यंत्रावर तळहात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "चालू दे रे देवाचं काम," ती म्हणाली आणि तिने प्रार्थना आणखी लांबवली. लोपेतीने मान खाली घातली. बोलायला हीच वेळ होती. 'आत्या, किडनीचं नाही, बीपीचं आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण पट्टा दंड आवळत होता, आणि पट्टा आवळलेला असताना बोलायचं नाही असं नर्सने सांगितलं होतं. तो सैल होईपर्यंत आमेन झालं आणि आत्याने स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात चरबीचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला. "खा. उद्या दोघांसाठी जगायचंय तुला." तो खात राहिला. दारापाशी त्याची धाकटी बहीण सेईनी ताटं घेऊन उभी होती. ती यंत्राकडे बघत होती. ती दाताच्या दवाखान्यात कामाला होती. असली यंत्रं कशाची असतात ते तिला माहीत असणार. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली. वयात आल्यापासून त्यांच्यात असंच होतं. बहिणीशी थट्टा नाही, तिच्या खोलीत पाय नाही, अंगाबिंगाच्या गोष्टी तर नाहीतच. बहिणीचा मान भावाहून मोठा. त्यामुळे ती दोघं एकाच घरात इतकी वर्षं राहून एकमेकांना फार थोडं ओळखत होती, आणि त्याला कधी त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

त्या रात्री झोप लागेना. आजोबा त्याला आठवत नव्हते. त्यांची गोष्ट तेवढी आठवत होती. टोंगातल्या वावाऊ बेटावर शेतात टारो खणताना ते जरा दमले, फणसाच्या झाडाखाली टेकले, आणि जेवायला हाक मारायला पोर गेलं तोवर थंड झाले होते. काका चर्चमध्ये खर्जातला सूर लावता लावता बाकावरून पुढे कलले. लोकांना वाटलं भक्तीने. मेजवान्यांमध्ये आई ह्या गोष्टी अभिमानाने सांगायची. "आमच्या ह्यांच्या घरातली माणसं चटकन जातात. अंथरुणात कुजत नाहीत." लोपेतीलाही तो घराण्याचा एक गुण वाटत आला होता, उंचीसारखा किंवा आवाजासारखा. आता अंधारात पट्टा फुगायचा, सुटायचा, आणि त्याला वाटायचं, हाच पट्टा कुणी झाडाखालच्या आजोबांच्या दंडाला बांधला असता, काकांच्या दंडाला बांधला असता तर? मग तो गुण म्हणायचा की काय म्हणायचं? आणि ते गेले तेव्हा त्यांनाही काही दुखत नव्हतंच.

शुक्रवारी सकाळी यंत्र परत गेलं. डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या होत्या, बोलताना पेन खाली ठेवून सरळ डोळ्यांत बघत. त्यांनी सांगितलं की झोपेतसुद्धा रक्तदाब उतरलेला नाही, म्हणजे भीतीचा प्रश्न नव्हे. वजन आहे, आणि वडिलांकडून आलेलं आहे. दोन्ही मिळून हे झालं. आज सापडलं हे नशीब समज. गोळ्या घे, वजन उतरव, मीठ कमी कर, आणि म्हातारा होशील. "आणि उतरवलं तर?" लोपेती म्हणाला. "वर्षभरात उतरवलं, सगळं नीट केलं, तर माझी घ्याल?"

त्यांनी मान हलवली. "गोळ्यांनी उतरलं तरी नाही. ह्या वयात हे सुरू झालेल्या माणसाची एक काढून घ्यायची हिंमत मी नाही करणार. तुझ्या तुलाच लागतील. दोन्ही." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी आहे का, भावंडं?"

"नाही," लोपेती म्हणाला.

का म्हणाला ते त्याला कळलं नाही. शब्द तोंडातून आधी गेला आणि अर्थ मागून आला. हातात गोळ्यांची पुडी घेऊन तो गाडीपर्यंत आला. कालचं बरं वाटणं आता शोधूनही सापडत नव्हतं, आणि त्याची त्याला जवळजवळ आठवण येत होती.

दुपारी बाबांना डायलिसिसला न्यायची पाळी त्याची होती. त्यांना गाडीत बसवताना डोकं दाराला लागू नये म्हणून त्याने हात मध्ये धरला आणि तळहात बाबांच्या डोक्याला लागला. दोघेही थबकले. बापाच्या डोक्याला पोरानं हात लावायचा नसतो. केस किती मऊ झाले होते! एखाद्या तान्ह्या मुलाचे असावेत तसे. बाबा सीटचा पट्टा लावून समोर बघत बसले. रस्त्यावर पुढे लाकडाची फळकुटं भरलेला ट्रक होता आणि तो फार हळू चालला होता.

"बाबा, माझी घेणार नाहीत."

"काय?"

"किडनी. मला बीपी आहे. तुमच्यासारखं. घेणारच नाहीत म्हणाल्या."

ट्रक वळला. रस्ता मोकळा झाला तरी लोपेतीने गाडीचा वेग वाढवला नाही.

"किती आलं?" बाबांनी विचारलं.

त्याने आकडा सांगितला.

"मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एवढंच होतं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं, जुन्या गावचं कुणी भेटल्यासारखं. "कत्तलखान्यात होतो तेव्हा. तुझ्याएवढाच असेन. कंपनीचा डॉक्टर यायचा."

"मग?"

"मग काय. गोळ्या दिल्या. मी म्हटलं, दुखत तर काही नाही."

लोपेतीने स्टिअरिंग घट्ट धरलं. काहीतरी बोलायला हवं होतं, ओरडायलाही हवं होतं कदाचित. तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही, आजोबा, काका, तुम्ही, आणि मी ताटं चाटून पुसून खात होतो ती सगळी वर्षं. पण शेजारी बसलेल्या माणसाचं मनगट गुणगुणत होतं आणि त्याला बर्फाच्या तुकड्यावर दिवस काढायचा होता. तेवढ्यात बाबा म्हणाले, "सगळे म्हणायचे तू आईवर गेलास. तिचं कपाळ, तिचा रंग. तुझा आजासुद्धा म्हणायचा, ह्यात आपलं काही नाही." आणि त्यांनी लोपेतीच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. "माझाच आहेस रे तू."

त्यात आनंद होता का? लोपेतीने वळून पाहिलं. बाबांच्या ओठांचे कोपरे हसल्यासारखे वर गेले होते आणि हनुवटी थरथरत होती, आणि ह्यांतलं खरं कुठलं ते त्याला समजेना. आपल्याला मारलं की मान दिला तेही समजेना. "गाडी थांबवू का?" त्याने विचारलं.

"चालू दे. खुर्ची दुसऱ्याला देतात उशीर झाला तर."

संध्याकाळी त्याने आत्याला सांगितलं. बैठकीच्या खोलीत ते कापड अजून तसंच अंथरलेलं होतं. तो त्याच्या काठाबाहेर गुडघे टेकून बसला. आत्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे काल मी रडले ते बीपीच्या यंत्रापुढे?"

"हो, आत्या."

"आणि तू बसून राहिलास. मांस खात."

"हो."

"मेल्या," आत्या म्हणाली. पण राग शेवटपर्यंत टिकला नाही. तिने मांडीवरची पिशवी उघडली, रुमाल, प्रार्थनेचं पुस्तक आणि किल्ल्या बाहेर काढल्या, आणि तळातून एक चुरगळलेली पुडी काढून त्याच्यापुढे धरली. "ह्याच का तुझ्या? माझ्या ह्या. डोकं दुखलं की घेते एक."

"ताई, तुलासुद्धा?" कोपऱ्यातून बाबांनी विचारलं.

"मला तर केव्हापासून. सांगायचं काय त्यात?"

"रोज घ्यायची असते ती," दारातून सेईनी म्हणाली. "दुखलं की घ्यायची नसते." मग ती आत आली, कापडाला वळसा घालून आत्यापुढे बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मी तपासून घेतलंय. गेल्याच महिन्यात. माझं जुळतंय. प्रेशरही ठीक आहे. दादाचं झालं नाही तर म्हणून."

आईच्या हातातला कप बशीवर वाजला.

"ती नाही," लोपेती म्हणाला.

"का नाही?" आत्याने विचारलं.

"मी असताना तिच्या अंगाला सुरी लागणार?"

"तू असून उपयोग काय आता?" सेईनी म्हणाली.

ती असं कधी बोलली नव्हती. बोलून तिलाही धक्का बसला. तिने तोंडावर हात धरला. लोपेतीला वाटलं होतं आपल्याला राग येईल. पण त्या क्षणी त्याच्या मनात जे चमकून गेलं ते रागाहून फार वाईट होतं. त्याला वाटलं, हिलाही असायला हवं होतं. हिचाही आकडा चढायला हवा होता, म्हणजे हिला कुणी कापलं नसतं, म्हणजे मी एकटा उरलो नसतो. ह्या दोन 'म्हणजे'पैकी पहिला खरा की दुसरा? तो आपल्या बहिणीकडे बघत राहिला. बारीक मनगटं, गळ्याशी स्पष्ट दिसणारी हाडं. आई लहानपणापासून तिला 'आजारी कोंबडी' म्हणायची आणि चांगले तुकडे त्याच्या ताटात टाकायची. त्या घरात कुणाला काय वाढलं गेलं होतं त्याचा हिशोब असा उलटा कसा निघाला?

"सेईनी देईल," आत्या म्हणाली, आणि विषय संपला. तिने सेईनीला हात धरून कापडाच्या मधोमध बसवलं. मग लोपेतीकडे वळली. "आणि तू माझ्यासमोर गोळी गिळ. आत्ता. तुला फणसाखाली सापडलेलं मला बघायचं नाही." त्याने गिळली. तिनेही आपली एक गिळली, त्याच पाण्याबरोबर, आणि वाईट चव असल्यासारखं तोंड केलं.

हिवाळा सरता सरता शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसाचं लोपेतीला नीट काही आठवत नाही. आठवतो तो दुसऱ्या दिवशी बाबांच्या पलंगाला लटकणाऱ्या पिशवीतला पिवळा रंग. नवी किडनी लागल्याबरोबर कामाला लागली होती. आत्या त्या पिशवीपुढे हात जोडून उभी होती. "बघा, बघा, कशी धार आहे!" ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, आणि आई हसत होती आणि बाहीनेच डोळे पुसत होती. लोपेती तिथून निघून पलीकडच्या वॉर्डात गेला. सेईनीला चालायला सांगितलं होतं. ती वाकून, कुशीवर हात धरून एक-एक पाऊल टाकत होती. त्याने सलाइनचा खांब धरला. फ्रिज आणि डुकरं आणि विमानाच्या पोटातल्या बॅगा उचलणाऱ्या त्याच्या हातात चाकांचा तो खांब इतका हलका होता की आपण काही करत आहोत असं त्याला वाटेना.

"दुखतंय?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत तिच्या अंगाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

"हसले की दुखतं. हसवू नकोस."

"मी कुठे हसवतोय?"

"तुझा चेहरा बघ ना. तुलाच ऑपरेशन झाल्यासारखा." आणि ती हसली, आणि कळवळली, आणि तिने त्याच्या दंडाला घट्ट धरलं. त्याने हात हलवला नाही. भिंतीपर्यंत गेले आणि परत आले.

ह्याला आता वर्ष होत आलं. बाबा परसात रताळी लावतात, तहान लागली की नळीला तोंड लावून पाणी पितात आणि ओला शर्ट तसाच अंगावर वाळवतात. आत्या फोन करते आणि नमस्काराच्या आधी 'घेतलीस का' विचारते. लोपेती रोज सकाळी गोळी घेतो. गोळीने काही होत नाही. न घेताही काही होत नव्हतं. ह्या दोन काही-नाहींमधला फरक त्याला फक्त यंत्रावर दिसतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवून राहावं लागतं, हे त्याला अजून नीट जमलेलं नाही. पाळी सुटली की तो मांगेरेच्या डोंगराला फेरी घालतो. वजन उतरलं आहे, फार नाही, पण चर्चमधल्या बायका त्याचा हात धरून हळू आवाजात विचारतात, "आजारी आहेस का रे? घरी काही झालंय का?" आणि आई ते ऐकते. कधीकधी डोंगरावर दम लागला की आपण सुटलो की अडकलो हे त्याला कळत नाही. सुरी चुकली म्हणून वाटलेलं ते पहिलं सुख त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटतं, पण सेईनीला सांगावं की देवाला, ते ठरत नाही.

मागच्या रविवारी चर्चहून आल्यावर सगळे जेवायला बसले. बाबांपुढे टारो होता. ते त्याच्याकडे नुसतेच बघत होते, खायच्या आधी. सेईनी शेजारच्या मुलीशी कशावरून तरी मोठ्याने हसत होती. आई भांडं घेऊन एकेकाला वाढत आली. लोपेतीपाशी ती थांबली. तिने डाव भरला, ताटाजवळ नेला, आणि तो तसाच धरून ठेवला. नारळाच्या दुधाचा एक थेंब चटईवर पडला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, विचारायची गरजच पडली नव्हती. तिचा हातच जाणत होता. आता ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, परक्याच्या घरी पहिल्यांदा वाढायला लावलेल्या नव्या सुनेसारखी.

"किती वाढू?" आईने विचारलं.

लोपेतीने तोंड उघडलं. त्याला खरंच सांगायचं होतं. तो आत वळून शोधू लागला, भूक कुठे असते, ती केवढी असते, आणि तिच्यातली आपली किती आणि आईची किती; आणि आई डाव तसाच धरून, हात भरून आला तरी, वाट बघत उभी राहिली.